बुजवलेली भोकं

अद्नानने पिकअपच्या चासीत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. उपसला तसं तांबडं, कुजकट पाणी त्याच्या तोंडावर आलं. गाडीखालून सरपटत तो बाहेर आला आणि त्याने थोरल्या भावाच्या, मजीदच्या, तोंडावर गुद्दा हाणला. मजीदचा दात ओठातून आरपार गेला.

आपलं चुकलं काय, हेच मजीदला आधी कळेना. अद्नानने कुवेतला सात वर्षं उन्हात सळया वाकवल्या, त्या कमाईची ही गाडी. यंदा तो कायमचा घरी आला होता. पूर्णगडची मासळी रत्नागिरीला न्यायची आणि दोन्ही चुली हिच्यावरच पेटायच्या, असं ठरलं होतं. दोन वर्षं गाडी मजीदकडे होती आणि त्याने ती पोटच्या पोरीसारखी जपली. दर पावसाळ्याआधी अंगणात चिऱ्यांवर चढवायची, विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवायची, तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, सुकली की डांबर फासायचं. एवढ्यावर थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण मजीद पडला होडीवाला. खाली भोक दिसल्यावर त्याचा हात थांबतो होय? डांबरात भिजवलेला कापूस ठासून त्याने एकूण एक भोक बुजवलं. वरून मासळीच्या बर्फाचं खारं पाणी झिरपत राहिलं, आत साचलं आणि लोखंड आतून खात गेलं.

"पाणी जायला ठेवलेली असतात ती भोकं," अद्नान म्हणाला. "होडी नाय ही, भाय."

आणि बाजूला पडलेला पाना उचलून त्याने मजीदच्या बरगडीवर घातला. मजीदची बायको खतिजा मध्ये पडली, तर तिला त्याने असं ढकललं की ती चिऱ्यांच्या ढिगावर जाऊन आपटली. तरी मजीदने हात उचलला नाही. चूक आपली, तर मारही आपला, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"बावाच्या होडीतलं एक भोक तुला दिसलं नाय," अद्नान म्हणाला. "आणि माझ्या गाडीतली सगळी दिसली."

हे बोलायला नको होतं. मजीदने सांधलेल्या होडीत एक फट राहिली होती आणि त्यांचा बाप खाडीच्या तोंडाशी बुडाला होता. त्या दिवसापासून उघडं भोक पाहिलं की मजीदला ते बुजवल्याशिवाय राहवत नसे. आता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने धाकट्याचे केस धरले आणि त्याचं डोकं बॉनेटवर आपटलं, एकदा, दोनदा, पत्र्याला पोचा येईपर्यंत. खतिजा ओरडत होती, ते त्याला ऐकू गेलं नाही.

अद्नान रक्ताने माखून सुटला. सुटला तो हातोडी उचलून थेट गाडीखाली शिरला आणि खालून एकेक बोळा ठोकून पाडू लागला. पुढची चाकं काढलेली होती, एका अंगाला चिरे, दुसऱ्या अंगाला जॅक. जॅक टेकला होता तिथलीच चासी कुजलेली. दर घावाला तिथली खपली पडत होती आणि मजीदला ते दिसलं. त्याने स्वतःला खाली झोकून देऊन भावाचा पट्टा धरला आणि त्याला हिसडा मारून बाहेर ओढलं.

गाडी खाली बसली. मजीदचा उजवा हात कोपरापर्यंत तिच्याखाली राहिला. हाडं मोडलेली खतिजानेही ऐकली.

अद्नान खांद्याने गाडी रेटत होता, 'भाय, भाय' करत रडत होता. आडव्या पडलेल्या मजीदच्या तोंडासमोर एका मोकळ्या भोकातून तांबडं पाणी गळत होतं. ते त्याने पाहिलं. त्याचा डावा हात हळूहळू सरकला आणि अंगठा जाऊन त्या भोकावर बसला.

अद्नान गुडघ्यांवर आला. त्याने तो अंगठा आपल्या मुठीत धरला.

"सोड, भाय," तो म्हणाला. "गळू दे."