सतरा नंबरची कडी

लहानपणी मावशीने तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं, कारण पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला पडायच्या आत तिचे चार प्रश्न विचारून झालेले असत. नोकरी लागली ती मात्र नेमकी प्रश्न गिळायची. लष्करी वसाहतीत ज्या बाईला घरात मार खावा लागतो तिच्या बाजूने उभं राहायचं, दवाखान्यात, वकिलाकडे, मोठ्या साहेबांसमोर तिच्याबरोबर जायचं. पण कुणाचं दार आपणहून ठोठावायचं नाही. बाई स्वतः आली तरच, आणि आली तरी ती सांगेल तेवढंच ऐकायचं. मांजराला दुधाच्या राखणीवर बसवावं तशातली गत. वसाहतीत सगळे तिला ताई म्हणत. तिच्या खोलीवर ‘कुटुंब सहाय्य’ एवढीच मोघम पाटी होती, म्हणजे आत शिरणारीकडे बघून कुणी भुवया उंचावू नयेत.

शेजारची खोली दुरुस्ती विभागाची. मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे कुठल्या क्वार्टरचा नळ गळतो आणि कुणाची खिडकी अडकते हे ताईला बसल्या जागी कळे. तिथले सुतारकाका तीस वर्षांचे जुने. हात सोन्याचे, तोंड फटकळ. रोज साडेदहाला ते ताईकडे चहाला येत. त्या दिवशी आले ते तक्रारींचं रजिस्टर काखोटीला मारूनच.

सतरा नंबरने डोकं उठवलंय, असं त्यांचं म्हणणं. वर्षात सात वेळा बाथरूमची आतली कडी निघाली. लाकूड सडलंय म्हणावं, तर चौकट ठणठणीत. कुणी लाथ घातली म्हणावं, तर भोकं फाटायला हवीत. इथे चारही स्क्रू नीट फिरवून, एकेक करून काढलेले.

“स्क्रूंना काही पाय फुटत नाहीत, ताई. कुणीतरी काढतं आणि वर तक्रार लिहितं.”

बाई एक तर कड्या विकते, नाहीतर तिचा स्क्रू ढिला आहे, असा काकांचा निकाल. बारा वाजता कवायत सुटली की ते मैदानावरच तिच्या नवऱ्याला गाठणार होते. हवालदार भला माणूस, त्याच्यासारखा टापटिपीचा अख्ख्या वसाहतीत दुसरा नाही. तो काय ते बघून घेईल.

ताईला काहीतरी खटकलं. नेमकं काय, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिने रजिस्टर मागून घेतलं आणि पानं उलटली. बाकीच्यांच्या तक्रारी एका ओळीच्या: नळ गळतो, काच फुटली. सतरा नंबरवालीने मात्र गोल, शाळकरी अक्षरात दर वेळी तारखेपुढे वेळही लिहिली होती. ‘कडी निघाली, दुपारी २.१०.’ ‘कडी निघाली, सकाळी ६.२५ ते ६.४०.’ आता कडी निघायला पंधरा मिनिटं कशी लागतात? आणि ती निघत असताना घड्याळ कोण बघत बसतं? ताईने तीच पानं दोनदा वाचली. प्रत्येक नोंदीखाली काकांची झोकदार सही होती.

पेच मोठा होता. हातात नुसता अंदाज, त्या बाईच्या दारात जायची सोय नाही. काकांच्या कानात हा अंदाज घालावा, तर संध्याकाळपर्यंत तो कॅन्टीनभर झाला असता. आणि गप्प बसावं, तर बाराला हे रजिस्टर हवालदारासमोर उघडणार. काकांना ज्या तारखा वर्षभर कळल्या नाहीत, त्या त्याला पहिल्या नजरेत कळल्या असत्या. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

काकांची नस तिला ठाऊक होती. तिने अगदी सहज विचारलं, तीच वस्तू तीनदा बदलली की राहणाऱ्याची सही ऑफिसात घ्यायची असते ना? इथे एकही दिसत नाही. काकांचा कप ओठाशीच थांबला. नियम खरा होता, त्यामुळे ताईला खोटं बोलावं लागलं नाही. सात कड्या गेल्या आणि पावती एकीचीही नाही, हे स्टोअरवाल्यांच्या कानावर गेलं असतं तर चोर सोडून काकांनाच फाशी. ते तसेच उठले आणि त्यांनी सतरा नंबरला फोन लावला.

ती अकरा वाजता आली. तिशीची, हातात भाजीची पिशवी, बाह्या मनगटापर्यंत. खाली मान घालून तिने सात सह्या केल्या. काका सह्यांचा कागद घेऊन स्टोअरकडे पळाले आणि ताईने आपल्या खोलीचं दार उघडं धरलं. आपण कोण, काय काम करतो, एवढंच सांगितलं. बाईने बोलायला तोंड उघडलं, तसा ताईने हात वर केला.

“थांबा. आधी माझं ऐका, मग बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

मग तिने दोन रस्ते सांगितले. एक मुका: साहेबांना काही कळणार नाही, डॉक्टर, सल्ला, राहायची जागा, सगळं गुपचूप. दुसरा बोलका: साहेबांकडे जायचं, चौकशी लागणार, नवऱ्याला घरापासून लांब ठेवता येणार. एकदा साहेबांपर्यंत गोष्ट गेली, मग ती कुणाच्याही तोंडून का असेना, की मुका रस्ता बंद.

बाईने पिशवीचे बंद बोटाभोवती पिळले. मग तिने विचारलं, ते रजिस्टर सरकारी असतं ना? कुणी त्याचं पान फाडू शकत नाही ना? ताईने नाही म्हटल्यावर ती खुर्चीत बसली आणि बोलू लागली. नवरा घराची रोज तपासणी घेई. कपाट, पिशवी, फोन, कचऱ्याचा डबासुद्धा. एकदा तिने वहीत लिहून ठेवलं, ती वही त्याने तिच्यासमोर जाळली. तेव्हा तिने अशी जागा शोधली, जिथे तो कधी बघणार नाही.

“पण काही मोडल्याशिवाय तक्रार कशी लिहिणार? म्हणून मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी सुरीच्या टोकाने कडी काढायची, आणि तारीख-वेळ माराची लिहायची.”

ताईला रडू आलं, आणि त्याच वेळी त्या बाईच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की दोन्ही आवरताना तिची धांदल उडाली. आता काय करायचं, ते तिने सुचवलं नाही.

“बोलका,” बाई म्हणाली. “पण आत्ताच. उद्यावर गेलं तर माझा धीर सुटेल.”

साडेअकराला रजिस्टर मोठ्या साहेबांच्या टेबलावर होतं. साहेब कमी बोलणारे. त्यांनी सातही नोंदी वाचल्या आणि पलटणीचा हजेरीपट मागवला. बोट एका कागदावरून दुसऱ्यावर जात राहिलं. सातही वेळांना हवालदार घरी होता. आणि मधले चाळीस दिवस तो सरावासाठी बाहेरगावी होता, तेव्हा सतरा नंबरची कडी एकदाही निघाली नव्हती. साहेबांनी बाईला पाणी द्यायला सांगितलं आणि हुकूम लिहिला: हवालदाराने मैदानावरून थेट बराकीत जायचं, घराची किल्ली जमा करायची, चौकशी पुरी होईपर्यंत क्वार्टरकडे फिरकायचं नाही. बाईने तो कागद स्वतः हातात घेऊन वाचला, मग परत एकदा वाचला.

शेवटी सह्यांची खातरजमा करायला काकांना बोलावणं गेलं. ते आले ते कड्यांचा हिशेब द्यावा लागणार म्हणून घाम पुसतच. साहेबांनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. सह्या त्यांच्याच होत्या. दर वेळी दार कुणी उघडलं? या बाईंनीच. मग साहेबांनी विचारलं, तेव्हा यांच्याकडे बघून तुम्हाला काही जाणवलं होतं का?

काकांनी बाईकडे पाहिलं. तिने उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर जुने-नवे काळेनिळे वण होते.

“सात वेळा गेलो, साहेब,” काका म्हणाले. “सातही वेळा नुसतं दार बघून आलो.”