दुपारची हवा

“सिस्टर, खिडक्या उघडा. पाहुणे फाटकापाशी आलेत.”

“नाही उघडणार, साहेब.”

व्यवस्थापकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत सिस्टरांच्या तोंडून त्यांनी ‘बरं साहेब’ आणि ‘झालं साहेब’ याखेरीज तिसरं काही ऐकलं नव्हतं. आज मात्र सिस्टर वॉर्डच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीमागे सगळ्या खिडक्या कड्या लावून बंद होत्या.

छातीच्या रोग्यांचं ते विश्रांतिगृह शहरामागच्या टेकडीवर होतं. खाली खोलगट जागेत शहर, सभोवती डोंगर. फाटकावरच्या पाटीवर ‘शुद्ध हवा हेच औषध’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. जेवणं उरकली की रोग्यांना व्हरांड्यात बसवायचं, हा इथला जुना शिरस्ता. त्यात वावगं काही आहे असं सिस्टरांनाही कधी वाटलं नव्हतं.

पण यंदाच्या उन्हाळ्यात वारा पडला. आभाळ पांढुरकं झालं, झाडाचं पान हलेना. सकाळी ठणठणीत असणारी माणसं दुपारी व्हरांड्यात बसली की खोकू लागत, डोळे चोळत. सगळ्यांत हाल शिवणमावशींचे. जन्मभर शिवणकाम केलेली ती बाई. जीभ अजून कात्रीसारखी चालायची.

“सकाळी मी घोडी असते हो,” त्या धापा टाकत म्हणायच्या, “आणि दुपारी मढं. छातीत नुसत्या सुया टोचतात. जन्मभर कापडाला टोचल्या, आता फेडतेय.”

सिस्टरांनी वाफ दिली, पाठीशी उशा वाढवल्या. पण उतार म्हणून पडेना.

एका संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी हे सुनेला सांगितलं. सून हवामान खात्यात नोकरीला होती.

“आई, मग दुपारी बाहेर बसवताच का त्यांना?”

“बसवू नको तर काय करू? डोंगरावरची हवा ती! लोक लांबून येतात तिच्यासाठी.”

“तिथंच तर घोळ आहे. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर खाली साचतो. वारा नाही, डोंगर आडवे, जाणार कुठे? त्यावर दिवसभर ऊन तापलं की त्यातूनच ओझोन तयार होतो. दुपारी उतार तापले की खालची हवा चढ चढून वर येते. थेट तुमच्या व्हरांड्यात.”

“ओझोन तर वर आभाळात असतो ना? उन्हापासून वाचवणारा?”

“तो वरचा, राखणदार. हा खालचा. नाव तेच, पण हा छाती जाळतो.”

“मग खाली शहरात याहून जास्त असेल.”

“भर रस्त्यात उलट कमी असतो. गाड्यांचा ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो. तुमच्याकडे वर त्याला खायला कोणी नाही. सकाळी बसवा हवं तेवढं बाहेर. ऊन तापलं की आत घ्या आणि खिडक्या लावा.”

सिस्टरांनी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान डोलावली. “सून बरोबर सांगतेय. पण साहेबांशी तुम्हीच बोला.” म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा सिस्टरांनीच बांधायची! त्या बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ऊन चढलं की त्या सरळ खिडक्या लावून घेऊ लागल्या. व्यवस्थापक दुपारी वॉर्डकडे फिरकत नसत, त्यामुळे चार दिवस निभावलं. मावशींचा दुपारी डोळा लागू लागला. आणि मग हे पाहुणे आले. संस्थेला मदत करणारी मोठी माणसं. व्हरांड्यात फोटो काढायचे ठरले होते.

“हवा बघायला आलेत ते!” व्यवस्थापक दबक्या आवाजात ओरडले. “आणि तुम्ही माणसं कोंडून ठेवलीत?”

“ऊन उतरल्यावर काढा म्हणावं फोटो. मी स्वतः सगळ्यांना बाहेर आणते.”

“उद्यापासून कामावर येऊ नका.”

“उद्याचं उद्या. आजची ड्युटी संध्याकाळपर्यंत माझी आहे. तोवर खिडकीला हात लावायचा नाही.”

व्यवस्थापकांनी पुढे होऊन स्वतःच एक खिडकी ढकलली. भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आत आली. सिस्टर वळायच्या आधीच शिवणमावशी कॉटचा दांडा धरून उठल्या होत्या. अनवाणी, भिंतीला हात लावत त्या खिडकीपाशी गेल्या, ती ओढून घेतली, कडी लावली आणि तिला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

“आता मला उचलून बाहेर न्या, साहेब,” त्या धापत म्हणाल्या. “न्या की! फोटो छान येईल.”

कोपऱ्यातल्या कॉटवर कोणीतरी हसलं. हसता हसता त्याला खोकला लागला, तरी हसतच राहिलं. दारात पाहुण्यांच्या चपला वाजल्या. व्यवस्थापकांनी चेहऱ्यावरून रुमाल फिरवला आणि बाहेर जाऊन, आज तपासणीचा दिवस आहे, आपण आधी बाग बघू, असं काहीबाही सांगितलं.

सिस्टरांची नोकरी गेली ती गेलीच. “बरं झालं, आता आराम कर,” मुलगा म्हणाला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सिस्टरांनी केस विंचरले आणि घरच्या कपड्यांत नेहमीची बस पकडली. भेटीची वेळ नेमकी दुपारची. भेटायला येणाऱ्याला अडवायचं नाही, हा नियम खुद्द व्यवस्थापकांचा. त्या मावशींच्या कॉटपाशी खिडकीला खेटून खुर्ची टाकून बसल्या.

नवी सिस्टर तरुण होती, बावरलेली. “मला खिडक्या उघडायला सांगितलंय.”

“मग तुम्ही उघडा. मी लावते. माझी नोकरी गेलेलीच आहे.”

नवी सिस्टर औषधं लावून ठेवायची आहेत म्हणत आत गेली.

त्या रोज येत राहिल्या. व्यवस्थापक दारावरून जाताना चालण्याचा वेग वाढवत. उन्हाळा सरत आला आणि एका पहाटे शिवणमावशी झोपेतच गेल्या. छाती मुळातच थकलेली होती; डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही.

त्या दुपारी सिस्टर आल्या तेव्हा गादी गुंडाळून ठेवलेली होती. बाहेर आभाळ तसंच पांढुरकं, खाली शहर तसंच तापलेलं. त्या उघड्या पत्र्याच्या कॉटपाशी गेल्या.

“आज... आज कोणाला भेटायला आलात?” नव्या सिस्टरने हळूच विचारलं.

त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली.

“पुढच्या कॉटला,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची उचलली.