दारामागचा सूर

वेन्डेल रस्कला बेस गिटार बनवायला लागून एकतीस वर्षं झाली होती आणि स्वतःच्या कानाचा त्याला भारी अभिमान होता. पेटालुमाच्या त्या गल्लीत गिटारवाले चार-पाच जण होते, पण फळीवर टिचकी मारून तिच्या पोटातली चीर सांगणारा आपण एकटेच, असं तो सांगायचा. खोटं नव्हतं त्यात काही, फक्त सांगणं जरा वारंवार व्हायचं.

त्याचा जुना बँडसॉ, म्हणजे वरखाली दोन चाकांवरून दातेरी पट्टी फिरवणारी करवत, कायमचा बसला तेव्हा त्याने नवीन शोधण्यात तीन आठवडे घालवले. दुकानातल्या यंत्रांचा रंग छान होता, अंग मात्र पत्र्याचं. आठ इंच रुंदीची फळी कडेवर उभी करून चिरायची तर यंत्र ओतीव लोखंडाचं हवं, चाकं मोठी हवीत आणि एका रेषेत हवीत. तशात इडालिना फुर्टाडोचा फोन आला. तिचा नवरा आबेल मासेमारीच्या होड्या बांधायचा. मागच्या हिवाळ्यात तो गेला, आणि त्याची करवत शेडमध्ये तशीच उभी होती.

वेन्डेलने ती नीट पारखून घेतली. दोन्ही चाकांवर सरळ पट्टी धरून पाहिली, ती चारही ठिकाणी टेकली. यंत्र चालू करून टेबलावर पाच सेंटचं नाणं कडेवर उभं केलं, तेही पडलं नाही, इतकी कमी थरथर.

"मिसेस फुर्टाडो, आबेलने हिला लेकीसारखं सांभाळलंय," तो म्हणाला.

बाईंनी डोळे पुसले आणि शेडच्या कोपऱ्यातून अक्रोडाची एक फळी ओढून काढली. घरामागचं झाड वादळात पडलं तेव्हा आबेलने ती कापून नऊ वर्षं वाळवली होती. त्यांची मुलगी सेलेस्ट बेस वाजवायची आणि तिच्यासाठी बापाच्या मनात एक बेस करवून घ्यायचा होता.

"हिचाच कर," इडालिना म्हणाली. "दुसरी फळी नाही, एवढं लक्षात ठेव."

फळीची जाडी मधोमध चिरायची आणि दोन पानं पुस्तकासारखी उघडून शेजारी लावायची, म्हणजे बेसच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या सारख्याच रेघा येतात. ही हौस करणाऱ्याला एकदाच चिरता येतं.

करवत विकत घेऊन वेन्डेलने आपल्या कारखान्यात उभी केली. तिच्या चाकांवरचं दार उघडल्यावर आतल्या बाजूला त्याला पेन्सिलीने काढलेली एक खूण दिसली. 'पाऊण इंची पट्टी' असं लिहून शेजारी संगीताच्या वहीतल्यासारख्या पाच रेघा, आणि त्यांच्याही खाली एक छोटी रेघ मारून तिच्यावर एक सूर. वेन्डेलला हसू आलं. बेसवाल्याला यात वाचण्यासारखं काय असतं? सगळ्यात जाड तार, मोकळी, म्हणजे ई हा सूर. आबेल पट्टीला टिचकी मारून तिचा ताण सुरावर लावत होता तर. शाबास, होडीवाल्यालाही कान होता.

त्याने बेस मांडीवर घेतला, जाड तार छेडली, आणि करवतीचा स्क्रू फिरवत पट्टी त्याच सुरात आणली. पट्टीला चिकटवलेला ट्यूनर, म्हणजे सुराचं नाव दाखवणारी डबी, तोही ई म्हणाला. अंगठ्याने दाबून पाहिली तेव्हा पट्टी जरा जास्तच लवली. जरा म्हणजे चांगलीच. ते त्याच्या लक्षात आलं, हे मुद्दाम सांगायला हवं. पण ट्यूनर ई म्हणतो, आपला कान ई म्हणतो, तिथे अंगठ्याला कोण विचारतं?

फळी वरून सरळ चिरत गेली, खालूनही सरळ. मध्ये मात्र पट्टीने पोट काढलं. दोन पानं वेगळी झाली तेव्हा एक पान मधोमध इतकं पातळ होतं की खिडकीचा उजेड त्यातून लालसर दिसला, आणि वेन्डेलने हात लावताच तिथे भोक पडलं. नऊ वर्षं वाळलेलं लाकूड दोन मिनिटांत गेलं.

तेव्हाच त्याने इडालिनाला फोन करून 'माझ्या हातून गेली' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने फोन केला, पण 'करवतीने दगा दिला' असं म्हटलं. आणि शनिवारी कॉफीला गल्लीतले सगळे जमले तेव्हा त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही.

"चाकंच वाकडी असणार," तो नॉरिसला म्हणाला. नॉरिस ॲकूस्टिक गिटारी बनवायचा आणि ऐकलेलं पोटात ठेवणं त्याला जमत नसे. "अरे, होडीवाल्याला सरळ कशाला कापायला हवं? फट राहिली तर पाणी लाकूड फुगवतं, फट आपोआप बुजते. आता बेसला मी कुठल्या खाडीत बुडवू?"

सगळे खदाखदा हसले. नॉरिसची बायको पोर्तुगीज लोकांच्या हॉलमधली होती, इडालिनाही तिथलीच. आठवड्याभरात हा विनोद हॉलच्या स्वयंपाकघरात पोचला.

मग एका मंगळवारी सकाळी इडालिना स्वतः दारात उभी राहिली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला गोड पाव होता, अजून गरम.

"मी माफी मागायला आलेय," ती म्हणाली.

"तुम्ही? कशाची?"

"वाकडी करवत तुझ्या गळ्यात मारली त्याची. मला यंत्रातलं काय कळतंय? हॉलमध्ये म्हणतात, आबेलच्या होड्याही तशाच होत्या. असतील बाबा. परत घेऊन जाते मी ती. माझा नातू ट्रक आणेल."

वेन्डेलला कुठे बघावं कळेना. नाणं उभं राहिलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बसा तरी," तो पुटपुटला.

ती बसली नाही. करवतीपाशी गेली, उघड्या दारावरच्या त्या पेन्सिलीच्या खुणेवर तिने बोट ठेवलं.

"शनिवारी दुपारी हे चालायचं. एका हाताने पट्टीला टिचक्या, दुसऱ्या हातात ते धूड. भों करायचा, टिचकी मारायचा, पुन्हा भों. शेजारचं कुत्रं रडायचं."

"कसलं धूड?"

"ट्यूबा. दुसरं काय? चाळीस वर्षं हॉलच्या बँडमध्ये तो पितळेचा भलामोठा भोंगा फुंकला त्याने. तुला काय वाटलं, तुझ्यासारखी गिटार?"

वेन्डेलने पुन्हा त्या खुणेकडे पाहिलं. बेसचे सूर कागदावर असतात त्याच्या एक सप्तक खाली वाजतात. ही बेसवाल्यांची जुनी सोय आहे आणि ते ती इतकी गृहीत धरतात की विसरूनच जातात. ट्यूबा मात्र जिथे लिहिलं तिथेच वाजतो. आबेलचा ई सप्तकभर वरचा होता. ट्यूनर बिचारा नुसतं ई म्हणतो, कुठल्या मजल्यावरचा ते सांगत नाही. सूर सप्तकभर उतरला की ताण चौथाईवर येतो. पट्टीवर हवा त्याच्या पाव हिस्साच ताण होता, आणि ते फक्त अंगठ्याला कळलं होतं.

त्याने स्क्रू फिरवायला घेतला. टिचकी मारली, फिरवला, पुन्हा मारली. सूर चढत चढत वरच्या ईवर आला तेव्हा इडालिनाने मान वळवली.

"हाच," ती हळूच म्हणाली.

भोक पडलेल्या पानाचा कडेचा तुकडा त्याने उभा धरून चिरला. वरपासून खालपर्यंत एकसारखा, काचेसारखा सरळ. इडालिनाने तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"करवत सुधारलीस की रे तू," ती कौतुकाने म्हणाली. "आबेलला जन्मात जमलं नाही ते तू केलंस. हुशार आहेस हो."

तिला सप्तकातलं काही कळणार नव्हतं. गप्प बसलं असतं तर वर पावही मिळाला असता. वेन्डेलचे कान तापले.

"मी काही सुधारलं नाही," तो म्हणाला. "ती वाकडी नव्हतीच. आबेलने बरोबर लिहिलं होतं, मी चुकीचं वाचलं. पट्टी ढिली आहे हे हाताला कळलं होतं, तरी कापलं. फळी मी घालवली, आणि वर त्याचं नाव घेतलं. लाज वाटते मला."

इडालिनाचा चेहरा हळूहळू कठोर झाला.

"त्या नॉरिसला फोन लाव," ती म्हणाली. "मला ऐकू येईल असा."

त्याने लावला. सगळं पहिल्यापासून सांगितलं, ट्यूबा, सप्तक, अंगठा. पलीकडे नॉरिस हसत सुटला.

"म्हणजे होडीवाल्याचं सगळं सरळ, आणि तुझा तो जगप्रसिद्ध कान—"

"हो. माझा कान वाकडा. हेही सगळ्यांना सांग. बायकोला आधी सांग."

फोन ठेवल्यावर इडालिनाने टॉवेलसकट पाव उचलला आणि काखेत धरला.

"मिसेस फुर्टाडो, सेलेस्टच्या बेससाठी मी दुसरं लाकूड—"

"ते तू सेलेस्टशी बोल. मला घाई आहे." ती दारापर्यंत गेली आणि त्याच्याकडे न वळता म्हणाली, "हॉलमधून आले त्या दिवशी मी आबेलचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. आठ दिवस झाले. आधी तो सरळ करायचाय."