सुभेदारांच्या पायातला आवाज

मित्रांनो, सांगलीतल्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. मी एक जुना डॉपलर. नावाला बिचकू नका. दिसायला मी लहानशा ट्रान्झिस्टरसारखा आहे आणि वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी माझी कांडी आहे. अंगावर थोडी जेली लावून ती कांडी टेकवली, की आतल्या धमनीतून धावणाऱ्या रक्ताचा आवाज मी मोठा करून ऐकवतो. रक्त नीट वाहत असलं की तो ‘शुप्-शुप्, शुप्-शुप्’ असा येतो. आतलं मला दिसत काहीच नाही. मी फक्त ऐकतो, आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगतो.

एका कारखान्यात मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं डॉक्टर भाग्यश्री मगदूम यांनी. त्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरी नेलं आणि वडिलांच्या, म्हणजे जवाहरअण्णांच्या मनगटावर टेकवलं. अण्णा द्राक्षबागेतून नुकतेच आले होते. स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकून ते कितीतरी वेळ हातच काढेनात. “आतनं कोणतरी मोट हाकतंय गं,” एवढंच म्हणाले.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. मग रंगीत पडद्याचं मोठं यंत्र आलं आणि मी खालच्या कप्प्यात गेलो. माझी वायर एकदा दारात चेंगरली, तिला चिकटपट्टी लागली. कधीमधी मी खरखरू लागलो. “याचं काही खरं नाही,” असं लोक माझ्यासमोरच म्हणू लागले. मित्रांनो, ज्याचं सगळं आयुष्य खरं ऐकण्यात गेलं, त्याला हे बोल फार लागतात.

पण मोठं यंत्र पिशवीत मावत नाही. म्हणून साताऱ्याला निवृत्त जवानांच्या तपासणी शिबिराला जाताना डॉक्टरांनी मलाच उचललं. तिथे मला भेटले सुभेदार आकाराम.

औंधजवळच्या एका गावचे हे सुभेदार. फौजेतून उतरल्यावर साताऱ्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर ते पहारा करायचे. येणाऱ्याची पिशवी, जाणाऱ्याचा डबा, साहेबाच्या गाडीची डिकी, सगळं उघडून बघायचे. संशय हीच त्यांची नोकरी होती आणि ती ते घरीही करायचे. दुधात पाणी, पेपरात खोटं आणि डॉक्टरांत लबाडी असते, अशी त्यांची खात्री होती. बायको हरणाबाई आणि पुतण्या लालासाहेब या दोघांनी त्यांना धरून आणलं होतं.

“चालताना पोटरी धरती. नस दबलीया,” सुभेदारांनी स्वतःच निदान सांगून टाकलं. “मालीश चाललंय. गुडघ्यामागं बारकी गाठ हाय, ती चिरून घेतली की झालं. उद्या एक जण चिरून देणार हाय.”

डॉक्टरांनी मोजा काढायला सांगितला. सुभेदारांनी काढला, पण नाखुशीनं. उजव्या पायाची दोन बोटं निळी-काळी पडली होती. डॉक्टरांनी दोन्ही पावलांवर एकेक तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी गुडघ्यामागच्या गाठीवर बोटं ठेवली.

“ही गाठ उडतेय, सुभेदारसाहेब. नाडीसारखी. हिला कुणालाही चिरू देऊ नका.”

“म्हंजी?”

“सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगा येतो ना, तसा हा तुमच्या धमनीला आलाय. आत रक्ताच्या गुठळ्या साचतात. मालीश करताना गाठ दाबली, की त्यांचे तुकडे निसटून बोटांपर्यंत जातात आणि तिथलं रक्त अडतं. बोटं त्यानंच काळी पडलीत असं मला वाटतं.”

“वाटतं,” सुभेदारांनी शब्द पकडला. “खात्री न्हाई.”

तेव्हा डॉक्टरांनी मला पिशवीतून बाहेर काढलं. माझी चिकटपट्टी बघून सुभेदार हसले. माझी कांडी त्यांच्या उजव्या पावलावर टेकली. मी कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं. घोट्याच्या आतल्या बाजूला गेलो, तिथे एक बारीक, दमलेला आवाज लागला. वाऱ्यानं पाचोळा सरकावा तसा.

“मशीन बिघडलंय,” सुभेदार म्हणाले. “आधी तुमच्या पायाला लावा.”

डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी चप्पल काढून मला स्वतःच्या पावलावर टेकवलं. ‘शुप्-शुप्’ आवाज खोलीभर झाला.

“तुमी डॉक्टर. तुमचं मशीन तुमचंच गाणार. हिच्या पायाला लावा.”

हरणाबाईंनी लाजत पाय पुढे केला. शेतात राबलेला तो भेगाळ पाय, पण आतला आवाज कसा ठणठणीत! पुन्हा सुभेदारांचं पाऊल. पुन्हा शांतता. सुभेदारांची नजर माझ्यावरून पायावर गेली आणि तिथंच थांबली.

पण हार मानतील तर ते सुभेदार कसले? डॉक्टरांनी डाव्या गुडघ्यामागं हात घातला, तशी त्यांनी पाय मागं ओढला.

“ह्या पायाला कायबी न्हाई. एका पायाचं घेऊन आलो आन् तुमी दुसरा धरताय. मग पोट धरशीला!”

“धरणारच आहे. हा आजार बऱ्याचदा एकटा येत नाही. एका गुडघ्यामागं फुगा सापडला तर दुसऱ्या गुडघ्यामागं आणि पोटात बघावंच लागतं.”

डाव्या गुडघ्यामागंही एक फुगा हाताला लागला. लहान, अजून गप्प असलेला. लालासाहेबानं काकांच्या कानाशी तोंड नेलं, पण त्याचं कुजबुजणं सगळ्यांनाच ऐकू गेलं. “काका, ही शेरातली मंडळी घाबरवत्यात. चार ठिकाणी इचारू या.”

“विचारायला चार दिवस नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “पाय अजून जिवंत आहे. आज सांगलीला चला.”

“उद्या बघू,” म्हणत सुभेदार मोजा घालू लागले.

तोवर गप्प असलेल्या हरणाबाईंनी तो मोजा त्यांच्या हातातून काढून घेतला.

“आवं, गेटवर बायामाणसांची पिशवीबी तुमी दोनदा उघडून बघत हुता. सोताच्या पायाची मातूर एकदाबी झडती घेतली न्हाई. रोज राती मी पांघरूण घालते. एक पाय ऊन आन् एक बर्फावानी गार. मी सांगितलं, तर म्हणला, तुला काय कळतंय. आता ह्या बाईंनाबी न्हाई, मशीनलाबी न्हाई, तर मग कळतंय तरी कुणाला?”

 सुभेदार लंगडत सांगलीच्या गाडीकडे निघाले. मोजा हरणाबाईंच्या मुठीतच राहिला.

सांगलीत रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला. दोन्ही गुडघ्यांमागचे फुगे त्यात स्वच्छ दिसले. उजवा गुठळ्यांनी जवळपास भरला होता. पोटात मात्र काही नव्हतं. “पोटात न्हाई म्हणाले, म्हंजी खरं बोलत असतील,” असं सुभेदार बायकोला म्हणाल्याचं मी ऐकलं. त्यांच्या तोंडून निघालेलं भरवशाचं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सुभेदारांच्याच मांडीतली एक शीर काढली आणि फुग्याला वळसा घालून तिची नवी वाट जोडली. केसाहून बारीक वाटणाऱ्या धाग्याचे ते टाके! मग फुग्याच्या वरची आणि खालची धमनी बांधून टाकली, म्हणजे त्यात रक्त शिरायलाच नको. रक्त रोखून धरणारे चिमटे सुटले. मला स्वच्छ पिशवीत घालून पावलावर टेकवलं. 

मला काहीच ऐकू येईना.

“मॅडम, हा जुना आहे,” भूल देणारे डॉक्टर म्हणाले. “वायरच गेली असेल. थोडं थांबू या, धमनी आखडली असेल तर सुटेल.”

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगू? मलाही माझाच संशय आला. नेमकी आज तर माझी वायर सुटली नसेल? डॉक्टरांनी मला सुभेदारांच्या दुसऱ्या पावलावर टेकवलं. ‘शुप्-शुप्.’ मी शाबूत होतो.

“हा बरोबर सांगतोय,” त्या म्हणाल्या. “खालच्या जोडात काहीतरी अडलंय. मला थांबायचं नाही.”

धमनी एक्स-रेत दिसावी म्हणून तिच्यात औषध सोडलं आणि एक्स-रे घेतला. खालच्या जोडाच्या जरा पुढे एक गुठळी अडकली होती. त्यांनी टाके उसवले, टोकाला इवलासा रबरी फुगा असलेल्या नळीनं ती गुठळी ओढून काढली, जोड पुन्हा शिवला. मला परत पावलावर आणलं. आधी खरखर. मग दुरून कुणी चालत यावं तसा एक आवाज. मग जवळ, आणखी जवळ. शुप्-शुप्, शुप्-शुप्! भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या आवाजाचं बटण स्वतःच्या हातानं मोठं केलं.

पाय वाचला. काळी पडलेली दोन बोटं मात्र वाचली नाहीत, काही दिवसांनी ती काढावी लागली. सुभेदार त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, “मालीशला गेलो नसतो तर ऱ्हायली असती का वो?” डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. “कदाचित राहिली असती,” म्हणाल्या.

डाव्या पायाचं ऑपरेशन पुढे यथावकाश झालं. तेव्हा सुभेदारांनी ना चार ठिकाणी विचारलं, ना पाय मागं ओढला. प्रश्न मात्र भरपूर विचारले आणि एकेकाचं उत्तर पटेपर्यंत सही केली नाही. डॉक्टरांना ते आवडलं. मलाही.

मित्रांनो, आता थोडं मागतो. माझ्यासारखी जुनी यंत्रं तुमच्या हाती आली, तर काम झाल्यावर त्यांच्यावरची जेली पुसा, वायर हलक्या हातानं गुंडाळा. आणि तुमच्याकडे तर माझ्याहून सोपं यंत्र आहे. सणावाराला तुम्ही घरातल्या थोरांच्या पाया पडता, हात लावला न लावला आणि पळता. पुढच्या वेळी पळू नका. दोन्ही पावलांवर दोन तळवे क्षणभर राहू द्या. एक पाय ऊन आणि एक गार लागला, तर आशीर्वाद घेऊन गप्प बसू नका. तिथेच, सगळ्यांदेखत, मोठ्यानं विचारा: “आजोबा, हा पाय गार का?”