मुळासकट उपटलेल्या दुर्वा

"पाऊस उघडला तरी माती सुकेपर्यंत ह्याला हलवायचं नाही. ह्याच्या वजनाखाली गवताचा जीव गुदमरतो." नवा माणूस कामावर आला की कुशाबा माळी पहिल्याच दिवशी हे सांगत आणि माझ्या लोखंडी पाठीवर हात ठेवत.

मित्रांनो, तो 'हा' म्हणजे मी, परळच्या एका जिमखान्यातला म्हातारा रोलर. माझगावच्या ओतशाळेत माझा जन्म झाला आणि तिथून मला इथल्या छोट्याशा गोल्फच्या मैदानावर आणलं. गोल्फमध्ये शेवटी ज्या मऊ गवतावरून चेंडू अलगद भोकात ढकलतात, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्या ग्रीनवरचं गवत म्हणजे दुर्वाच, रोज कापून बुटक्या ठेवलेल्या. जमीन सपाट राखणं हे माझं काम. मेंबर मंडळी वाकून ग्रीनवर हात फिरवायची, "गालिचा आहे हो," म्हणायची, तेव्हा मला धन्य वाटायचं.

तेव्हा माळी भरपूर होते, बहुतेक कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची मुलं. कुशाबा गावी परतले, बाकीचे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. आता अख्खं मैदान अंबिका आणि राजेश या दोघांच्या जिवावर. उन्हाळ्यात त्यांनी टँकरची वाट बघायची, पावसात चर उपसायचे, आणि वर बोलणीही ऐकायची. हे मला मुळीच पटत नाही.

यंदाच्या गणपतीत तर कहर झाला. दोघांनी आधीच ठरवलं होतं. गौरी-गणपतीला अंबिकाने गावी जायचं, आणि ती परतली की राजेशने. राजेशच्या घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. वडिलांचा खांदा निकामी झाल्यापासून मूर्ती उचलून नदीवर न्यायला घरात तोच एक. व्यवस्थापक विकाससाहेबांनी दोघांनाही होकार दिला होता.

अंबिका गेली आणि पावसाने ठाण मांडलं. स्पर्धा जवळ आली होती. साहेब म्हणाले, ग्रीन उंचसखल दिसतेय, रोलर फिरवा. माती ओली आहे, असं राजेशने सांगून पाहिलं. साहेबांना ते ठाऊक नव्हतं का? शेडच्या दारावर तशी सूचना रंगवलेली आहे. तरी त्यांनी नाक्यावरून रोजंदारीची माणसं आणली आणि मला चिखलावरून ओढायला लावलं. माझ्याखाली मुळं चेचली जात होती आणि मला थांबता येत नव्हतं. माती दबून पाणी मुरेना, दुसऱ्या दिवशी ग्रीनवर तळं साचलं. एक मेंबर छत्री मिटत म्हणाले, "ही ग्रीन आहे की भाताचं खाचर?"

अशा वेळेसाठी शेडमागे दुर्वांचा एक राखीव वाफा असतो. ग्रीनवर खड्डा पडला की तिथलं गवत आणून लावायचं. शेजारच्या चाळीतल्या सुभद्राकाकू चतुर्थीला तिथूनच एक जुडी न्यायच्या, तीन पात्यांचा शेंडा बघून, हलक्या हाताने खुडून. पण साहेब लालबागमधल्या एका मंडळाचे सल्लागार. त्यांना मूर्तीच्या उंचीएवढा दुर्वांचा हार घालायची हौस आली. त्याच नाक्यावरच्या माणसांनी घाईघाईत अख्खा वाफा मुळासकट उपटला. हारासोबत साहेबांचा फोटोही निघाला. भक्तीला मी नावं ठेवणार नाही. पण मित्रांनो, बाप्पाला एक जुडी पुरते. उरलेला हार कोणासाठी होता?

अंबिका परतली ती सगळ्यांसाठी प्रसादाचा डबा घेऊन. जिमखान्याच्या दारातल्या फळ्यावर लिहिलं होतं: कर्मचारी रजेवर असल्यामुळे स्पर्धा पुढे ढकलण्यात आली आहे. तिने ती ओळ मोठ्याने वाचली तेव्हा गंजलेला असूनही मी आतून तापलो. एवढ्यावरच भागलं नाही. साहेबांनी राजेशची रजाही रद्द केली होती. ग्रीन सुधारल्याशिवाय कोणी हलायचं नाही म्हणे.

साहेब शेडपाशी आले तेव्हा अंबिकाने आवाज चढवला नाही. "साहेब, ग्रीन मी उभी करते. राजेशला जाऊ द्या. आणि फळ्यावरचं तेवढं पुसा. खोटं आहे ते."

"करा काय करायचं ते. जबाबदारी तुमची," साहेब म्हणाले आणि गेले. फळा काही पुसला नाही.

राजेश कडवट हसला. "ताई, गवत आणणार कुठून? वाफा तर बाप्पाच्या गळ्यात गेला."

"हार उतरवला ना?"

"काल उतरवला. मांडवामागे निर्माल्यात पडलाय."

"मुळासकट उपटलंय ना? मग रुजेल ते. तू आज रात्रीची एसटी पकड. परत येशील तेव्हा ग्रीनवर कोंब असतील, हा माझा शब्द."

मित्रांनो, तुमच्या पायाखालचं मऊ गवत कोणीतरी रोज राखत असतं. पाऊस कोणाच्या हातात नाही, पण माणसं पुरेशी ठेवणं हातात आहे. आणि नुकसान झालं तर जो तिथे नव्हता त्याच्या माथी ते मारू नका. एवढंच माझं मागणं.

अंबिकाने प्रसादाचा डबा राजेशच्या हातात दिला. एक रिकामं पोतं झटकलं, घडी करून काखेत घेतलं आणि फाटकातून बाहेर पडून ती लालबागच्या दिशेने चालू लागली.