गिरणीच्या वळणावर

एकहार्ट ब्योमरने शर्यतीचा अर्ज भरला जानेवारीत, आणि जोडीदाराच्या रकान्यात सवयीने बायकोचंच नाव लिहिलं. रोझविता ऑक्टोबरातच घर सोडून कासेलला दोन खोल्यांत राहायला गेली होती, हे त्याच्या लक्षात आलं पाकीट टपालपेटीत पडल्यावर. शहाण्या माणसाने नाव बदलून घेतलं असतं. यानं मात्र शर्यतीची कार्यक्रमपत्रिका छापून होईपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही, आणि मग तिला कळवलं. नाव छापलंय म्हटल्यावर ती येईन म्हणाली. तेवढ्यावर गडी हवेत तरंगायला लागला.

जुन्या मोटारसायकलींच्या या शर्यतीत दोघं एकतीस वर्षं उतरत होती. त्यांच्या गाडीची साइडकार म्हणजे नुसता सपाट पाट आणि तिसरं चाक. वळण आलं की जोडीदाराने पाटावरून अंग बाहेर झोकायचं, नाहीतर गाडी उलटलीच म्हणून समजा. तिथे बोलता येत नाही, मागे वळून बघता येत नाही. मागचं माणूस कुठे आहे ते गाडीच्या तोलावरून कळतं. संसारात बोलायचं राहिलं ते सगळं आम्ही तिथे बोललो, असं एकहार्ट कौतुकाने सांगायचा. रोझविताला ते कधी पटलं नाही, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मैदानावर शेजारच्या तंबूतल्या हार्टमुटने तिला पाहिलं आणि याला कोपरखळी मारली. "परत आणलीस वाटतं? आता तरी घरी चार भांडी घासत जा."

एकहार्ट हसला, आणि ती परत आलेली नाही असं काही त्याने सांगितलं नाही. तिच्या आवडीचा प्लमचा केक त्याने पहाटे उठून भाजून आणला होता. तिने एक तुकडा खाल्ला आणि शेजाऱ्याचे मानावेत तसे आभार मानले. ते त्याला टोचलं, पण त्याने तिकडे काणाडोळा केला.

शर्यत रविवारी दुपारी होती. इथे वेगाला बक्षीस नसतं. दोन फेऱ्यांच्या वेळा मोजतात, आणि ज्यांच्या वेळांत सगळ्यात कमी फरक ते पहिले. गाडीवर घड्याळ ठेवलेलं चालत नाही. या दोघांचा फरक कित्येक वर्षांत तीन सेकंदांच्या खाली आलाच नव्हता, आणि त्याला कारण गिरणीचं वळण. तिथे एकदा गाडी कडेला रचलेल्या गवताच्या भाऱ्यांवर उलटून एकहार्टची मांडी मोडली होती. तेव्हापासून रोझविता तिथे कधी जरा उशिरा झुकायची, कधी आधीच. तो दरवर्षी वैतागायचा.

आज ती चुकली नाही. दोन्ही फेऱ्यांत नेमक्या क्षणी तिचं वजन बाहेर गेलं आणि गाडी रुळावरून जावी तशी वळली. हेल्मेटच्या आत एकहार्ट मोठमोठ्याने गात होता. ती गेल्यावर तिच्या कपाटात त्याने गाडीची हत्यारं भरून ठेवली होती, ती त्याने मनातल्या मनात काढूनही टाकली.

फरक निघाला दोन शतांश सेकंदांचा. ती दोघं पहिली आली होती.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आपलं अजून जमतं, रोझी. गिरणीपाशी तू एकदाही चुकली नाहीस."

ती पाटाच्या कडेवर बसून हातमोजे काढत होती. "मी चुकायचे ते तुझ्यामुळे," ती म्हणाली. "दर खेपेला वाटायचं, आता तुला काहीतरी होणार. अंग आखडायचं माझं. आज त्या भीतीची वाट बघत होते. आलीच नाही."

तो तिच्या शेजारी पाटावर टेकला.

"तेवढंच बघायला आले होते, एकहार्ट. माझी मलाच खात्री नव्हती."

भोंग्यावरून दोघांची नावं पुकारली गेली. मोडलेली मांडी बसून आखडते हे तिला ठाऊक होतं, म्हणून उठताना तिने त्याला हात दिला. हार्टमुट टाळ्या वाजवत होता. एकहार्ट तिच्याबरोबर मंचाकडे चालू लागला. त्या जुन्या तीन सेकंदांच्या बदल्यात त्याने गाडी, पदक, मागाल ते देऊन टाकलं असतं.