चढावरचे बारा फूट

पांडू जाधवांनी गाडीच्या स्टेअरिंगला पहिल्यांदा हात लावला तो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याआधीची चाळीस वर्षं ते माथेरानच्या एका हॉटेलात आचारी होते, आणि माथेरानात गाडीला बंदी. घोडे, हातरिक्षा आणि लाल माती, एवढंच त्यांनी पाहिलेलं. निवृत्त होऊन खाली कर्जतला, भिसेगावातल्या घरी आले आणि महिन्याभरात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. लायसन मिळालं, जुनी पण चांगली गाडी घेतली, आणि त्या दिवसापासून त्यांचा उत्साह काही ओसरला नाही.

त्यांची सून जागृती कर्जतला एका विमा एजंटाच्या ऑफिसात कामाला होती. सगळ्यांसारखी तीही सासऱ्यांना मामाच म्हणायची, आणि मामांच्या गाडीचा विमा दरवर्षी तीच भरायची. ज्या वर्षी क्लेम घेतला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते आणि ती वाढत जाते, हे तिनंच त्यांना समजावलं होतं. आधी वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस. यंदा पाचवं वर्ष सुखरूप पार पडलं की पन्नास, त्याच्या वर सूट नाही. पांडूमामा हे आकडे शाळेतल्या मार्कांसारखे लोकांना सांगत. लायसनचं नूतनीकरणही यंदाच होतं. दोन्हीला तीन आठवडे उरले होते, आणि नेमका तेव्हाच अपघात झाला.

मे महिन्यातला मंगळवार होता. खालापूरच्या वाटेवर एका चढाला डंपर वळत होता म्हणून गाड्या थांबल्या होत्या. मामांच्या मागे विलास पाटलांची गाडी. विलासचं खालापुरात ग्रील-दरवाजे बनवायचं दुकान. अचानक धाडकन आवाज झाला. मामांच्या गाडीचं मागचं दार आत गेलं, विलासच्या गाडीचं बॉनेट वर आलं आणि रेडिएटर फुटला. कुणाला लागलं नाही. विलास ओरडून सांगत होता की मी जागेवर उभा होतो, तुमचीच गाडी मागं आली. मामा म्हणाले, माझा पाय ब्रेकवर होता. जमलेले लोक मामांच्या बाजूचे झाले. मागून ठोकतो त्याचीच चूक, हे सगळ्यांना पाठ असतं. पोलिसांनीही विलासलाच समज दिली.

विलासलाही चार वर्षांची सूट मिळत होती. आता त्याला क्लेम टाकावा लागणार होता, आणि क्लेम टाकला की सूट थेट शून्यावर. म्हणून तो मामांना फोनवर फोन करत राहिला. मामा चिडले. त्याचं तोंड एकदाचं बंद करायचं म्हणून त्यांना पुरावा हवा होता. पुढच्या मंगळवारी सकाळी जागृतीला आठवलं, त्या चढासमोर इंदूबाईंचं वडापावचं हॉटेल आहे आणि त्याच्या छपराला कॅमेरा आहे. तिनं फोन लावला. इंदूबाई म्हणाल्या, रेकॉर्डिंग सातच दिवस राहतं, मग त्यावर नवीन चढतं.

अपघात सव्वाअकराचा. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

जागृतीनं ऑफिसातून पेन ड्राइव्ह उचलला, मामांना स्कूटरवर मागं बसवलं आणि निघाली. पळसदरीच्या अलीकडे लग्नाच्या दोन बसगाड्या समोरासमोर अडकल्या होत्या. तिनं कडेच्या खडीवरून स्कूटर काढली. मामा मागून वेळ सांगत होते. दहा चाळीस. दहा पन्नास. हॉटेलसमोर उतरले तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती. आत स्क्रीन चालू होती, पण पासवर्ड इंदूबाईंच्या मुलीला, अक्षदाला माहीत, आणि ती कॉलेजात पेपर देत होती. इंदूबाईंनी गल्ल्याखालची वही शोधली, कॅलेंडरचं मागचं पान पाहिलं, फ्रीजवर चिकटवलेला कागद पाहिला. अकरा वाजून सहा मिनिटांनी त्यांना आठवलं, की अक्षदा सगळीकडे म्हशीचं नाव टाकते. जागृतीनं ते टाइप केलं. स्क्रीन उघडली.

मामा खुर्चीच्या कडेवर बसले होते. हात चोळत म्हणाले, "लाव गं. आता बघतो त्याच्याकडं."

चित्र स्वच्छ होतं. चढावर थांबलेल्या गाड्या, मामांची पांढरी, मागे विलासची निळी. मामांच्या गाडीचा मागचा, ब्रेकचा लाल दिवा पेटलेला. मग करवंदं विकणारी एक बाई खिडकीशी आली. मामांचा हात बाहेर आला, त्यांनी पानाचा द्रोण घेतला, पैशांसाठी ते वाकले. आणि लाल दिवा विझला. गाडी आधी हळू, मग वेगानं मागं घरंगळली. दहा-बारा फूट. निळी गाडी जागेवरून हललीही नव्हती.

इंदूबाई गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेल्या.

जागृतीनं घड्याळ पाहिलं. अकरा बारा. ती हळूच म्हणाली, "मामा, हे कुणी मागितलेलं नाही. तीन मिनिटांत आपोआप पुसलं जाईल."

मामांचे कान लाल झाले होते. त्यांनी तिच्याकडं न बघता विचारलं, "उतरून घ्यायला किती येळ लागतो?"

"एक मिनिट."

"मग घे उतरून. आठ दिस मी त्या माणसाला खोटारडा म्हणत फिरलो गं."

तिनं पेन ड्राइव्ह लावला. पट्टी भरत गेली, आणि दोघंही श्वास रोखून ती बघत राहिले, जणू हेच हवं होतं म्हणून धावत आले होते. अकरा चौदाला ती पूर्ण भरली. मामा एकदम उठले. म्हणाले, चल, त्यानं क्लेमच्या कागदावर सही करायच्या आधी गाठू.

विलास दुकानात होता. मामांना बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. डोळ्यानं बघून आलो. तुमी पण बघा."

विलासनं लॅपटॉपवर ते दोनदा पाहिलं. मग त्यानं मागच्या खोलीतून बायकोला हाक मारली आणि तिला तिसऱ्यांदा दाखवलं. "बघ, मी काय सांगत होतो?" आठ दिवसांत बायकोनंही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे मामांना तेव्हा कळलं. तिनं आधी नवऱ्याकडं आणि मग मामांकडं पाहिलं आणि चहा टाकायला गेली.

त्याच दुपारी मामांनी पोलीस ठाण्यात जाऊन आपला जबाब बदलला. हवालदारानं लिहून घेतलं आणि त्यांनाच समज दिली. विलासची गाडी त्यांनी पदरचे पैसे घालून दुरुस्त करून दिली, त्यामुळे त्याला क्लेम लागला नाही. स्वतःच्या गाडीसाठी मात्र हात रिकामा राहिला. तिथं क्लेम टाकावा लागला. नव्या पॉलिसीवर सवलतीच्या रकान्यात जागृतीनं शून्य लिहिलेलं दाखवलं, हप्ता जवळजवळ दुपटीवर गेला होता. मामांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि सही केली.

डॉक्टरांनी डोळे, रक्तदाब तपासून दाखला दिला आणि लायसनचं नूतनीकरण झालं. पण मामांचं समाधान होईना. रविवारी सकाळी त्यांनी जागृतीला पळसदरीच्या धरणाकडं जाणाऱ्या चढावर नेलं. गाडी मधोमध थांबवून हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, मागच्या चाकाच्या मागं टेकवून पाण्याची बाटली ठेव, आणि तू बाजूला उभी राहा.

पहिली बाटली फुटली. दुसरीही फुटली. तिसऱ्या वेळी क्लच अर्धा सुटेपर्यंत त्यांनी ब्रेक सोडला नाही, इंजिन गुरगुरलं, गाडी बोटभरही मागं न येता वर निघाली. जागृतीनं बाटली उचलून डोक्यावर धरली आणि नाचवली. मामांनी वर जाऊन गाडी वळवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून सांगितलं, की अजून दहा वेळा करायचंय, बाटली परत ठेव.